पाठीवर केएस०१०८, पोटात एसटी७९२०: ग्राफिक एलसीडी घेताना झालेली फसवणूक

१२८×६४ चा ग्राफिक एलसीडी मायक्रोकंट्रोलरला जोडलाय, बॅकलाइट छान लागलाय, पण पडद्यावर एक ठिपकाही उमटत नाही, असं ज्यांचं झालंय किंवा होणार आहे त्यांनी हे वाचावं. वायरिंगमध्ये चूक शोधत बसण्याआधी, हातात आलेला माल तोच आहे का जो आपण मागवला होता, हे तपासायची वेळ आली आहे. माझ्या गळ्यात दुसराच माल मारला गेला, आणि तो दुसरा आहे हे कळू नये याची व्यवस्थाही विक्रेत्याने पद्धतशीर केली होती.

मला केएस०१०८ कंट्रोलरचाच, म्हणजे पडद्याचे ठिपके चालवणारी चिप केएस०१०८ असलेलाच डिस्प्ले हवा होता. जुनं उपकरण होतं, त्यातला डिस्प्ले गेलेला, आणि आतला प्रोग्राम बदलण्याची सोय नव्हती. ऑनलाइन जाहिरातीत केएस०१०८ असं ठळक लिहिलेलं, फोटोत बोर्डाच्या मागच्या बाजूला तेच नाव, पिनांची यादीही बरोबर. पार्सल आलं, बोर्डावर तोच मजकूर छापलेली पांढरी पट्टी. शंका घ्यायला जागाच नव्हती.

जुन्या उपकरणाला थेट लावण्याआधी मी तो ब्रेडबोर्डवर (सोल्डरिंग न करता तारा खोचायच्या पाटीवर) एका साध्या ५ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरला जोडला. कोड ओळखीचा, आधी चाललेला. पडदा कोराच. कॉन्ट्रास्टचा पॉट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, जंपर बदलले, लॉजिक ॲनालायझर लावून सगळे सिग्नल पाहिले. सिग्नल जसे हवेत तसे जात होते. विक्रेत्याला कळवलं.

खरी फसवणूक इथून सुरू झाली असं मी म्हणेन. उत्तर लगेच आलं, अगदी अदबीने: "सर, माल टेस्ट करूनच पाठवतो. तुमचा ई पल्स किती रुंद आहे ते बघा." आता हा सल्ला खोटा नाही. केएस०१०८ ला ई (एनेबल) पिनवरचा पल्स, म्हणजे डेटा उचलायचा इशारा, किमान ४५० नॅनोसेकंद लागतो, आणि १६ मेगाहर्ट्झवर धावणारा मायक्रोकंट्रोलर पिन वर करून लगेच खाली केली तर त्याहून बराच आखूड पल्स देतो. मी तो वाढवला. काही नाही. मग सांगितलं, "सर, काही बोर्डांवर सीएस१ आणि सीएस२ उलटे चालतात, लो केल्यावर चिप निवडली जाते." सीएस म्हणजे चिप निवडायच्या पिना, लो म्हणजे शून्य व्होल्ट, हाय म्हणजे ५. हेही खरंच आहे, असे बोर्ड असतात. उलटं करून पाहिलं. काही नाही. मग रिसेट पिन, मग कॉन्ट्रास्टसाठी ऋण व्होल्टेज, मग दुसरी लायब्ररी, मग "सर, एक व्हिडिओ पाठवा, आमचे इंजिनियर बघतील". इंजिनियर सुट्टीवर होते. ते आल्यावर त्यांनी पुन्हा ई पल्सबद्दल विचारलं.

या सगळ्यात सल्ला एकही खोटा नव्हता, खोटा होता तो माल. आणि प्रत्येक खऱ्या सल्ल्यामागे थोडे दिवस जात होते, तोवर तक्रार नोंदवायची मुदत संपत आली होती. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या माणसाचा स्वभावच असा की काही चाललं नाही तर तो आधी स्वतःच्या सोल्डरिंगवर संशय घेतो. या धंद्यातल्या लबाडांना हा स्वभाव नेमका माहीत असतो आणि ते त्यावरच पोट भरतात. कपड्याचा रंग वेगळा आला तर कोणी "तुमच्या खोलीतला बल्ब तपासा" असं ऐकून घेणार नाही. इथे मात्र ऐकून घेतलं जातं.

मला पहिला धागा मिळाला तो मल्टिमीटरवर. केएस०१०८ च्या नेहमीच्या वीस पिनांच्या बोर्डावर अठरावी पिन व्हीईई असते. बोर्डावरच ऋण व्होल्टेज तयार होतं आणि ते तिथे मिळतं. जमिनीच्या (ग्राउंडच्या) तुलनेत मोजलं तर मीटरवर वजाचं चिन्ह दिसायला हवं. माझ्याकडे अधिक चिन्हाचं व्होल्टेज दिसत होतं, पुरवठ्याच्या ५ व्होल्टहूनही जास्त. एसटी७९२० या दुसऱ्या कंट्रोलरमध्ये व्होल्टेज वाढवणारं सर्किट चिपमध्येच असतं आणि त्याचं आउटपुट अठराव्या पिनवर काढलेलं असतं, तेही धन. नुसत्या यावर खटला उभा राहत नाही, कारण काही बोर्डांवर ही पिन रिकामीच सोडलेली असते आणि काही केएस०१०८ बोर्डांवर ऋण व्होल्टेजचं सर्किट बसवलेलंच नसतं. पण पाणी कुठे मुरतंय ते कळलं. हे विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, "तुम्ही पोलॅरिटी उलटी दिली असणार, चिप उडाली." चोराच्या उलट्या बोंबा.

हे दोन बोर्ड एकमेकांच्या नावावर का खपवता येतात ते समजून घेण्यासारखं आहे. दोन्ही १२८×६४, दोन्हींना वीस पिना, आणि पहिल्या चौदा पिनांचं काम जवळजवळ सारखंच: जमीन, पुरवठा, कॉन्ट्रास्ट, तीन कंट्रोल लाइन, आठ डेटा लाइन. फरक पंधरावी आणि सोळावीत. केएस०१०८ च्या एका चिपच्या ताब्यात ६४×६४ ठिपके असतात, म्हणून बोर्डावर अशा दोन चिपा, आणि डावा-उजवा अर्धा निवडायला सीएस१ आणि सीएस२. एसटी७९२० मध्ये असे दोन अर्धे निवडावे लागत नाहीत. त्याची पंधरावी पिन पीएसबी असते. ती हाय असेल तर समांतर जोडणी, लो असेल तर सिरियल. सोळावी कशालाच जोडलेली नसते.

म्हणजे माझा कोड डावा अर्धा निवडतोय असं समजून जी पिन वर-खाली करत होता, ती त्या बिचाऱ्या चिपला क्षणात समांतर आणि क्षणात सिरियल व्हायला सांगत होती. त्यातून चुकून समांतर हुकूम पोहोचला तरी पडदा लागणार नव्हताच. केएस०१०८ ला पडदा सुरू करायचा हुकूम हेक्स (सोळाच्या पायावर लिहिलेला) ३एफ, पुढचे हुकूम आणि बाइटही तसेच लिहिलेत. एसटी७९२० ला तो ०सी लागतो. केएस०१०८ चा अख्खा कोड चाळा, त्यात ०सी हा हुकूम कुठेच येत नाही. बी८ पासूनचे पेजचे (पडद्यावरच्या आठ ठिपके उंच आडव्या पट्टीचे) हुकूम आणि ४० पासूनचे पत्त्यांचे हुकूम एसटी७९२० सुद्धा पत्तेच समजून गिळतो आणि गप्प बसतो. म्हणून पडदा असा स्वच्छ कोरा, जणू वायरच तुटली आहे.

एक धोक्याची गोष्ट. काही एसटी७९२० बोर्डांवर पीएसबी आतूनच ५ व्होल्टला बांधलेली असते. तिथे तुमचा मायक्रोकंट्रोलर सीएस१ समजून पंधरावी पिन लो करतो तेव्हा त्याची आउटपुट पिन थेट पुरवठ्याशी झटापट करत असते. एटीमेगा३२८ सारख्या मायक्रोकंट्रोलर चिपची एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे, आणि ती गाठण्यासाठी नाही, ओलांडू नये म्हणून दिलेली आहे. तेव्हा नवा बोर्ड आला की वीज देण्याआधी मीटर कंटिन्युइटीवर ठेवून दुसरी आणि पंधरावी पिन एकमेकींना चिकटलेल्या नाहीत ना ते बघाच. बझर वाजला तर तो केएस०१०८ नाही, बोर्डावर काहीही लिहिलेलं असो.

शेवटचा पुरावा मात्र पडद्यानेच दिला. केएस०१०८ ला अक्षर म्हणजे काय ते माहीत नसतं. त्यात फॉन्ट नाही. त्याला ४१ हा बाइट दिला की तो एका स्तंभात आठ ठिपक्यांपैकी पहिला आणि सातवा काळा करतो, बस. एसटी७९२० च्या पोटात मात्र अक्षरांचा साठा असतो, इंग्रजी तर आहेच, वर १६×१६ ची हजारो चिनी अक्षरं. म्हणून मी पंधरावी पिन ५ व्होल्टला बांधली, रिसेट हाय ठेवला, वीज दिल्यावर थोडं थांबून ३०, पुन्हा ३०, मग ०सी, मग पडदा पुसायचा ०१ आणि त्यानंतर काही मिलिसेकंद विश्रांती, मग ०६. आणि डेटा म्हणून एकच बाइट, ४१. प्रोग्राममध्ये फॉन्टची एक ओळही नाही. पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात इंग्रजी कॅपिटल ए येऊन उभा राहिला, चांगला सोळा ठिपके उंच, कडा सुबक. "उडालेली" चिप अक्षरं काढत होती.

खरा केएस०१०८ असता तर याच हुकमांनी काहीही दिसलं नसतं. उलट त्याला पंधरावी आणि सोळावी दोन्ही निवडून नुसता ३एफ दिला असता तर रॅममध्ये वीज आल्यावर जो कचरा असतो तो ठिपक्याठिपक्यांनी दिसला असता. माझ्या मते तो कचरा दिसणं हीच नव्या केएस०१०८ ची सगळ्यात भरवशाची खूण आहे. मागचे काळे इपॉक्सीचे गोळे (त्यांच्याखाली चिपा असतात) मोजून कंट्रोलर ओळखायचा सल्ला बरेच जण देतात, त्यावर विसंबू नका. एसटी७९२० सोबतही सेगमेंट ड्रायव्हरच्या जादा चिपा असतात, गोळ्यांची संख्या फसवते.

आता ती पांढरी पट्टी. कॅमेरा चालू ठेवला, आधी पट्टीसकट पूर्ण बोर्ड दाखवला, पार्सलवरचा ऑर्डर क्रमांक त्याच चौकटीत ठेवला, आणि मग नखाने पट्टीची कड उचलली. सीएस१ छापलेल्या जागेखाली हिरव्या मुलाम्यावर कशाने तरी खरवडलेलं होतं. पांढऱ्या शाईतली तीन अक्षरं होती, मधलं पूर्ण गेलेलं, पण आधीचा पी आणि नंतरचा बी तिरक्या उजेडात स्पष्ट वाचता येत होता. चुकून दुसरा माल पॅक झाला असता तर कोणी पिनचं नाव खरवडत बसत नाही. व्हिडिओ न थांबवता काढणं महत्त्वाचं, नाहीतर पट्टी तुम्हीच लावली आणि तुम्हीच काढली असं ऐकावं लागेल. मला ते तरीही ऐकावं लागलंच, पण बाजार चालवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागाने त्याला किंमत दिली नाही.

तक्रार लिहिताना मी "डिस्प्ले चालत नाही" हे शब्द मुद्दाम टाळले. चालत नाही म्हटलं की पुन्हा ई पल्सचं पुराण सुरू. मी लिहिलं: मागवला केएस०१०८, आला एसटी७९२०, बोर्डावरचं मूळ नाव खरवडून खोटी पट्टी लावली आहे, सोबत व्हिडिओ. कंट्रोलर वेगळा असणं हा दोष दुरुस्तीने जाणारा नाही, त्यामुळे विक्रेत्याला तपासण्या सुचवायला काही उरलं नाही. त्याने मग थोडे पैसे परत द्यायची तयारी दाखवली, अट एकच, अभिप्राय काढून टाकायचा. मी नकार दिला. पूर्ण पैसे आले, पण मुदत संपायच्या अगदी काठावर. परत पाठवायचा टपालखर्च माझ्याच माथी.

हीच चाल दुसऱ्या डिस्प्लेंमध्येही चालते. छोट्या ओएलईडीत एसएसडी१३०६ कंट्रोलर सांगून एसएच११०६ पाठवतात. त्याची रॅम १३२ स्तंभांची आणि काच १२८ ची, म्हणून चित्र दोन स्तंभ सरकलेलं आणि कडेला भटके ठिपके, किंवा लायब्ररीने सरळ आडव्या क्रमाने डेटा ओतला तर नुसता गोंधळ. तिथे निदान कोड बदलून भागतं. जुन्या उपकरणात बसवायचा डिस्प्ले असेल तर भागत नाही.

मागवण्याआधी विक्रेत्याकडे दोन फोटो मागा: बोर्डाची मागची बाजू, पंधरा ते अठरा पिनांची नावं वाचता येतील इतक्या जवळून, आणि अठराव्या पिनवर लावलेल्या मीटरचा आकडा. ज्याच्याकडे माल आहे त्याला हे चहा गार होण्याआधी जमतं. माझ्या विक्रेत्याला विचारून पाहायची सोय राहिली नाही, त्याने मला ब्लॉक केलं. पण तोच फोटो, तीच तिरपी चिकटलेली पांढरी पट्टी, आता दुसऱ्या नावाच्या दुकानात दिसते आहे. जाहिरातीतला मजकूर बदललाय: "केएस०१०८ आणि एसटी७९२० दोन्हींशी सुसंगत." असा बोर्ड या वीस पिनांत होत नाही. पंधरावी पिन एकतर सीएस१ असते, नाहीतर पीएसबी.