नवा म्हणून बसवलेला माझाच जुना टॉर्क कन्व्हर्टर

फ्रीमाँटला राहायला आल्यापासून माझ्याकडे १९७२ ची शेवरले नोव्हा आहे. तिचे इंजिन ३५० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ५.७ लिटरचे व्ही-८ असून गिअरबॉक्स टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा तीन गतींचा ऑटोमॅटिक आहे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलना स्मॉग चाचणी (धुरातल्या प्रदूषणाची तपासणी) द्यावी लागत नाही, त्यामुळे इंजिनात मोठा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) घालण्याचा मोह बराच काळ होता. गेल्या वर्षी तो आवरला नाही, आणि त्या नादात माझी जी फसवणूक झाली ती जुन्या अमेरिकन गाड्यांचा छंद असलेल्या इथल्या मराठी मंडळींना कळावी म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी निवडलेल्या कॅमचे ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, ०.०५० इंच लिफ्टला (उचलीला) २३० अंश होते आणि सोबतच्या कार्डावर कामाचा पट्टा २५०० ते ६२०० आरपीएम (मिनिटाला फेरे) असा छापलेला होता. असा कॅम व्हॉल्व्ह अधिक काळ उघडे ठेवतो, त्यामुळे वरच्या आरपीएमला ताकद मिळते, पण आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालते तेव्हा, व्हॅक्यूम कमी होतो आणि खालची ओढ कमी होते. मूळचा बारा इंची टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ओढ तेलाच्या प्रवाहातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडे नेणारा गोल भाग, साधारण १७०० आरपीएमलाच इंजिनाला धरतो. म्हणजे ज्या पट्ट्यात नवा कॅम सर्वांत दुबळा, तिथेच तो इंजिनावर गाडीचा भार टाकतो. म्हणून लहान व्यासाचा, जास्त स्टॉलचा (गाडी ब्रेकने रोखून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर इंजिन जितक्या आरपीएमपर्यंत चढते तो आकडा म्हणजे स्टॉल) कन्व्हर्टर बसवावा लागतो, जेणेकरून इंजिन आपल्या पट्ट्याजवळ पोहोचल्यावरच पूर्ण ओढ चाकांकडे जाईल.

हे सगळे गॅरेजवाल्याने मला व्यवस्थित समजावून सांगितले, आणि त्यातले एक अक्षरही खोटे नव्हते. ‘तुमच्या कॅमसाठी खास बांधलेला, दहा इंची, २८०० स्टॉलचा’ कन्व्हर्टर तो ७५० डॉलरांत देणार होता. रोख दिल्यास कर वाचेल, असेही त्याने सुचवले. कॅमचे आणि मजुरीचे पैसे मी कार्डाने भरले, कन्व्हर्टरचे रोख दिले. बिलावर त्याची नोंद नव्हती, याकडे मी कानाडोळा केला.

गाडी ताब्यात आली ती सिग्नलला बंद पडणारी. न्यूट्रलमध्ये ८५० वर थरथरत चालणारे इंजिन ड्राइव्हमध्ये टाकताच ५५० वर येऊन गुदमरत असे. आयडल ११०० केले तर गिअर पडताना धक्का बसे आणि ब्रेक दाबून धरला तरी गाडी पुढे सरकू पाही. मी ब्रेकवर पाय ठेवून स्टॉलची चाचणी घेतली. ही चाचणी चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त लांबवू नये, कारण आतले तेल झपाट्याने तापते. काटा १७०० च्या पुढे जाईना.

इथे त्या माणसाचे खरे कसब दिसले. तो म्हणाला की स्टॉल हा कन्व्हर्टरवर कोरलेला आकडा नसून इंजिनाच्या टॉर्कवर अवलंबून असतो, आणि पायाच्या ब्रेकवर घेतलेला आकडा नेहमी कमीच येतो. दोन्ही विधाने खरी आहेत. मात्र त्यांच्यामुळे दोन-चारशे आरपीएमचा फरक पडू शकतो, अकराशेचा नाही, हे त्याला ठाऊक होते आणि मला नव्हते. ‘इंजिन ताकद देत नाही’ असे म्हणत त्याने कार्ब्युरेटर आणि टायमिंगच्या कामाचे आणखी ३८० डॉलर घेतले. निखालस खोटे बोलला असता तर मी पहिल्याच आठवड्यात ओळखले असते. अर्धसत्यांनी माझे तीन महिने खाल्ले.

शेवटी हेवर्डच्या एका वयस्कर ट्रान्समिशन मेकॅनिककडे गेलो. त्यांनी काही न बोलता बेलहाउसिंगखालचे, म्हणजे कन्व्हर्टरभोवतीच्या कवचाखालचे, पत्र्याचे झाकण काढले आणि आत बॅटरीचा उजेड टाकला. दहा इंची कन्व्हर्टरचे धड बोल्टांच्या वर्तुळापेक्षा लहान असल्यामुळे त्याचे बोल्टचे पाय धडाच्या बाहेर आलेले दिसतात. इथे ते धडाच्या आतच होते. रंग मात्र चकचकीत निळा. त्यांनी रॅचेटने इंजिन हळूहळू फिरवले, तेव्हा तिसऱ्या पायावर निळ्या रंगाने बुजलेले दोन बारीक खळगे दिसले. मी नखाने रंग खरवडला. चार वर्षांपूर्वी फ्लेक्सप्लेट (कन्व्हर्टर जिला बोल्टांनी जोडतात ती इंजिनामागची चकती) बदलताना जुळणीसाठी सेंटर पंचने मीच मारलेल्या त्या खुणा होत्या. माझाच कन्व्हर्टर रंगवून मला परत विकला होता.

कॅलिफोर्नियाच्या नियमानुसार काम देतानाच मागणी केल्यास काढलेला जुना भाग ग्राहकाला मिळतो, आणि बसवलेला भाग वापरलेला किंवा रीबिल्ट असल्यास तसे बिलावर लिहावे लागते. मी जुना कन्व्हर्टर मागितला असता, तर ही चलाखी पहिल्याच दिवशी अडली असती. नवा भाग बसवण्याआधी त्याचा व्यास टेपने मोजून फोटो काढायलाही दोन मिनिटे पुरली असती.

खरा कन्व्हर्टर नंतर दुसऱ्या कारागिराकडून बांधून घेतला. त्याने आधी गाडीचे वजन, मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो, टायरची उंची, कॉम्प्रेशन आणि कॅमचे कार्ड मागितले. पहिल्याने यातले काहीच विचारले नव्हते. माझा रेशो ३.०८ आणि टायर २६ इंची, म्हणजे ताशी ६० मैलांना इंजिन जेमतेम २४०० वर असते. त्यामुळे त्याने स्टॉल २६०० पर्यंतच ठेवला आणि कन्व्हर्टरमधल्या घसरणीने होणाऱ्या उष्णतेसाठी वेगळा तेल-कूलर लावायला लावला. आता ड्राइव्हमध्ये टाकल्यावर काटा शंभर आरपीएमनेही खाली येत नाही.

गाडी-दुरुस्तीच्या धंद्यावर देखरेख करणाऱ्या राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे फोटोंसह तक्रार केली. त्यांच्या मध्यस्थीनंतर ३८० डॉलर आणि मजुरीचा काही भाग परत मिळाला. रोख दिलेल्या ७५० डॉलरांचा मात्र कुठेच कागद नव्हता. ते गेले ते गेलेच.