बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, तीन वर्षं रोज वापरून

आईला फुफ्फुसांचा फायब्रोसिस, म्हणजे फुफ्फुसांत चट्टे पडून ती कडक होण्याचा आजार, आहे हे कळलं त्याच आठवड्यात रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण दाखवणारा पहिला ऑक्सिमीटर घेतला, तो दीड वर्षात बिघडला, मग दुसरा घेतला आणि आता तोच चालू आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मला जे सांगायचंय ते जवळजवळ सगळ्याच ऑक्सिमीटरना लागू होतं. आणखी एक म्हणजे माझं रोजचं कामच कमी ऑक्सिजनवरचं आहे, लॅबमध्ये मी पेशी १ टक्का ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये ठेवते आणि त्या खाणंपिणं कसं बदलतात ते बघते, तरी घरी त्या छोट्या स्क्रीनवरच्या आकड्यासमोर मी इतर कोणाइतकीच घाबरलेली असते.

पहिल्या मशीनचा अनुभव आधी सांगते. एकदा रात्री दोनला आई उठली, दम लागल्यासारखं वाटतंय म्हणाली, मी बोटाला लावलं तर ८४. माझे हातपाय गळाले. गाडी बोलवायची तयारी सुरू केली आणि मग लक्षात आलं की आईची बोटं बर्फासारखी गार आहेत आणि पल्स दाखवतोय ४१, जी तिची कधीच नसते. मनगटावर मोजली तर ८०च्या वर. म्हणजे मशीनला पल्स नीट सापडतच नव्हती, पण ते तसं न सांगता ठामपणे एक आकडा दाखवून मोकळं झालं. हात चोळले, गरम पाण्याची पिशवी दिली, पाच मिनिटांनी परत लावलं तर ९४. ती रात्र मी विसरू शकत नाही, आणि त्या मशीनवरचा माझा सगळ्यात मोठा राग तोच आहे, सिग्नल खराब असेल तर आकडा दाखवूच नये, रेघ दाखवावी.

दुसरं घेताना म्हणून एकच गोष्ट बघितली, स्क्रीनवर पल्सची लाट दिसते का. नुसती वरखाली होणारी पट्टी नाही, पूर्ण लाट. आणि बाजूला पीआय नावाचा छोटा आकडा, परफ्युजन इंडेक्स, म्हणजे बोटात रक्ताचा ठोका किती जोरात पोचतोय ते. आता आमच्याकडे नियम असा आहे की लाट एकसारखी येत नाही तोपर्यंत आकड्याकडे बघायचंच नाही. आईसुद्धा आता "थांब, लाट येऊ दे" म्हणते.

लाट इतकी महत्त्वाची का, तर मशीन त्यावरच चालतं. बोटाच्या एका बाजूने दोन प्रकारचा उजेड सोडतात, एक लाल, ६६० नॅनोमीटरच्या आसपास, आणि एक डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड, साधारण ९४० चा. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन उजेड वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. पण बोटात कातडी आहे, हाड आहे, शिरांमधलं रक्त आहे, तेही शोषतातच, मग धमनीतलं रक्त वेगळं कसं काढायचं? जपानमधल्या ताकुओ आओयागी या इंजिनियरच्या १९७० च्या दशकात लक्षात आलं की ठोक्याबरोबर जेवढं बदलतं तेवढंच धमनीतलं, बाकी सगळं स्थिर. एवढ्या साध्या कल्पनेवर आज जगातली बहुतेक ऑपरेशन थिएटरं चालतायत. ठोका सापडला नाही की हिशोबच कोसळतो, म्हणून गार बोटं, थरथरणारा हात, गडद नेलपॉलिश, बोटावर पडणारं कडक ऊन, या सगळ्यांनी आकडा बिघडतो.

आता अचूकपणाबद्दल. डब्यावर ±२ लिहिलेलं असतं आणि आपण समजतो की ९३ म्हणजे ९१ ते ९५ मध्ये नक्की. तसं नाहीये. साधारण तीनातली दोन रीडिंग त्या पट्ट्यात येतात, तिसरं बाहेर असू शकतं. आणि मशीनचं कॅलिब्रेशन निरोगी तरुण माणसांना मुद्दाम कमी ऑक्सिजन देऊन केलेलं असतं, तेही ७० टक्क्यांपर्यंतच, त्याखालचा आकडा अंदाजच समजा. त्यात कातडीच्या रंगाचा प्रश्न आहे. २०२० मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्ष धमनीच्या रक्तात सॅच्युरेशन ८८ च्या खाली निघालं अशी वेळ गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के तर कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के होती. आमची कातडी सावळी आहे, मी हे वाचलं आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सरळ विचारलं. त्यांनी मनगटातल्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी, म्हणजे त्या रक्तातल्या ऑक्सिजनची थेट तपासणी, केली, त्याच वेळी बोटावर आमचं मशीन लावून ठेवलं होतं. मशीन ९३, रक्तात ९०. तीनाचा फरक. तो आकडा आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. ज्यांच्या घरात कायमचा फुफ्फुसाचा पेशंट आहे त्यांनी एकदा तरी अशी जोडी जुळवून घ्या, आपलं मशीन आपल्या माणसावर किती चुकतं ते कळतं.

तीनाचा फरक किरकोळ वाटतो पण कुठे आहे त्यावर आहे. हिमोग्लोबिनचा ग्राफ सरळ रेषेत नसतो, वरच्या बाजूला सपाट आणि मग एकदम उतार. ९८ चं ९५ झालं तर फारसं काही हरवत नाही, पण ९० म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ६० मिलिमीटरच्या आसपास आलेला असतो आणि तिथून पुढे घसरगुंडी आहे. म्हणून डॉक्टर ९० च्या आसपास एवढे सावध होतात.

आता ज्यासाठी मुळात हे लिहायला घेतलं ते. हा आकडा टक्केवारी आहे. गाडीतल्या किती टक्के सीटा भरल्यात ते सांगतो, गाड्या किती आहेत ते सांगत नाही, आणि माणसं ठरलेल्या स्टॉपवर उतरली का ते तर अजिबातच नाही. हिमोग्लोबिन ६ वर आलेल्या माणसाचं बोट ९८ दाखवेल. कार्बन मोनॉक्साइडने विषबाधा झालेल्या माणसाचंही ९८ दाखवेल, कारण त्या गॅसने धरलेलं हिमोग्लोबिन या दोन उजेडांना जवळपास ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. बंद खोलीत शेगडी किंवा जनरेटर चालू असताना डोकं दुखायला लागलं तर ऑक्सिमीटर बघून निश्चिंत होऊ नका, आधी बाहेर पडा.

आणि पेशीपर्यंत ऑक्सिजन पोचल्यावर पुढे काय होतं हा तर पूर्ण वेगळा विषय, माझा विषय. शरीरातल्या बहुतेक पेशी हवेतले २१ टक्के कधी बघतच नाहीत, त्यांच्यापर्यंत पाच टक्क्यांच्या आसपास पोचतो, कुठे जास्त कुठे कमी. कमी पडला की त्यांना कसं कळतं हे शोधल्याबद्दल २०१९ चं नोबेल सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन या तिघांना मिळालं. एचआयएफ नावाचं एक प्रोटीन पेशी सतत बनवत असते आणि ऑक्सिजन असेपर्यंत सतत तोडतही असते, कारण ते तोडायची खूण लावणाऱ्या एन्झाइमला ऑक्सिजनच लागतो. ऑक्सिजन घटला की खूण लागत नाही, एचआयएफ उरतं, केंद्रकात जातं आणि शेकडो जीन्सचा कारभार बदलतं, लाल पेशी वाढवा, नव्या रक्तवाहिन्या काढा, मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले छोटे कारखाने, जरा कमी चालवा आणि साखर ऑक्सिजनशिवाय जाळा. मी चेंबरमधून डिश बाहेर काढते तेव्हा खालचं माध्यम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते द्रव, गुलाबीचं पिवळसर झालेलं असतं, साखर जाळून लॅक्टिक अॅसिड टाकलेलं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा आईची आठवण आली होती, जिना चढल्यावर पाय भरून येतात म्हणते ती.

पण गोष्ट "कमी ऑक्सिजन वाईट" एवढीच असती तर सोपं होतं. ईशा जैन या संशोधिकेचं काम मला या क्षेत्रात सगळ्यात जास्त हलवून गेलं. त्यांनी वामसी मूथा यांच्या लॅबमध्ये मायटोकॉन्ड्रियाचा जन्मजात दोष असलेल्या उंदरांना, लहान मुलांमधल्या ली सिंड्रोमसारखा आजार असलेल्या, ११ टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवलं. २०१६ मध्ये ते छापून आलं. साध्या हवेत जे उंदीर दोनेक महिन्यांत मरायचे ते कितीतरी पट जास्त जगले, आणि ५५ टक्के ऑक्सिजनमध्ये, जो निरोगी उंदरांना सहज सोसतो, ते काही दिवसांतच गेले. कारण असं की बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया ऑक्सिजन पुरेसा वापरत नाहीत, मग तो मेंदूत साचतो आणि साचलेला ऑक्सिजनच नुकसान करतो. पुढे २०१९ मध्ये तर असं दिसलं की नुसतं एचआयएफ चालू करून त्या उंदरांना फायदा होत नाही, पण रक्त कमी करून किंवा थोडा कार्बन मोनॉक्साइड देऊन होतो, म्हणजे मेंदूत साचलेला ऑक्सिजन कमी करणं हेच खरं. वर सांगितलेल्या, ऑक्सिमीटरला न दिसणाऱ्या त्याच दोन गोष्टी! नंतर जैन यांच्या स्वतःच्या लॅबने हिमोग्लोबिनने ऑक्सिजन घट्ट धरून ठेवावा असं गोळीसारखं औषध उंदरांवर वापरलं, त्यातही सीटा भरलेल्या, फक्त कोणी उतरत नाही. बोटावर आकडा उत्तम आणि पेशीत ऑक्सिजन कमी.

हे मी घरी उत्साहाने सांगितलं तर आईने लगेच विचारलं, "मग मला कमी ऑक्सिजन चांगला का गं? रात्रीची नळी काढू का?" मी गप्पच झाले. नाही आई, तुझे मायटोकॉन्ड्रिया ठणठणीत आहेत, तुझा रस्ता फुफ्फुसातच अडलाय. कोणी हे वाचून घरातल्या पेशंटचा ऑक्सिजन स्वतःच्या मनाने कमी किंवा जास्त करू नका, हात जोडून सांगते. जास्त करणंही तसंच, सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या, बऱ्याच पेशंटना डॉक्टर ८८ ते ९२ मध्येच ठेवायला सांगतात, ९९ केलं म्हणजे भलं केलं असं नसतं.

मग एवढं सगळं न दिसणारं मशीन घ्यावं का? आमच्यासारख्या घरात तर नक्की घ्यावं. फायब्रोसिसमध्ये बसल्या जागी आकडा चांगला असतो आणि चालल्यावर पडतो, ते फक्त यामुळेच आमच्या लक्षात आलं. आई बसलेली असताना ९५, घरातल्या घरात सहा मिनिटं चालवलं की ८६. आणि थांबल्यावर लगेच बोट काढू नका, रक्त बोटापर्यंत यायला वेळ लागतो, सगळ्यात खालचा आकडा थांबल्यानंतर थोड्या वेळाने दिसतो, हे आम्हाला कित्येक महिने माहीतच नव्हतं आणि आम्ही ९० लिहून खूश व्हायचो. ती वही डॉक्टरांना दाखवली त्याच दिवशी चालताना ऑक्सिजन लावायचा निर्णय झाला.

सध्याच्या मशीनच्या तक्रारी पण लिहिते. आकडे साठवून ठेवत नाही, सगळं वहीतच लिहावं लागतं. बोट काढलं की आठ सेकंदांत बंद, आई चष्मा शोधेपर्यंत स्क्रीन गेलेली असते. सेल संपत आले की बंद पडायच्या आधी दोन दिवस आकडा उड्या मारतो, आता महिन्याच्या एक तारखेला सेल बदलूनच टाकतो. झोपेत लावून ठेवायला अजिबात उपयोगाचं नाही, कूस बदलली की निसटतं, रात्रभराचं मोजायचं असेल तर मनगटावर बांधायचं, वायरवालं मशीन डॉक्टरांकडून मागून घ्या. आतलं रबर कापसाने पुसत राहा, मळ साचला की उजेड अडतो. अलार्म आहे पण आवाज एवढा बारीक की शेजारच्या खोलीत येत नाही.

आज सकाळचं वहीतलं, बसून ९४, चालून ८८, नळी लावून चालून ९३, लाट चांगली, हात गरम. खाली आईच्या अक्षरात, "दम कमी लागला." मशीनमध्ये हे लिहायची सोय नाहीये, म्हणून आम्ही आकड्याशेजारी ती ओळ रोज लिहितोच.