अपडेटनंतर शेअर फोल्डर उघडेना: पासवर्ड लावावा की नियम सैल करावा?

विंडोज ११ चं २४एच२ अपडेट झालं आणि नासवरचा (नेटवर्कला जोडलेल्या सामायिक स्टोरेज डब्यावरचा) किंवा कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवरचा शेअर फोल्डर उघडायचा थांबला. छोट्या ऑफिसांत ही तक्रार नेहमीची आहे. नेट चालतं, पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का याची चाचणी) जातो, फोल्डर तेवढा उघडत नाही. अशा वेळी कृपा करून फायरवॉल बंद करू नका. बहुतेक वेळा त्याचा इथे संबंध नसतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीने प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशनमध्ये एसएमबी साइनिंग सक्तीचं केलं. एसएमबी ही विंडोजची फाइल शेअरिंगची पद्धत; साइनिंग म्हणजे तिच्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सही हवी. सोबत प्रोमध्ये विनापासवर्ड ‘गेस्ट’ प्रवेशही बंद झाला. सहीची किल्ली लॉगिनच्या वेळी पासवर्डाच्या आधारे तयार होते. गेस्टला पासवर्डच नसतो, म्हणून त्याची सहीही होत नाही. होम आवृत्तीला हे नियम लागू नाहीत. तिथे आधी नेटवर्क ‘पब्लिक’ (म्हणजे अनोळखी, शेअरिंग बंद) झालंय का ते बघा.

एक चाचणी आधी करा. एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन त्या मशीनचा आयपी पत्ता टाका. फोल्डर दिसला तर अडचण फक्त नाव शोधण्याची आहे: नेटवर्कवरची मशीन शोधणाऱ्या, विंडोजच्या फंक्शन डिस्कव्हरी नावाच्या सेवा सुरू करा, काम झालं. गेस्ट प्रवेश अडवल्याचा किंवा सही अवैध असल्याचा संदेश आला, तरच पुढचे पर्याय.

माझा कौल स्पष्टपणे पासवर्डाच्या बाजूने आहे. नासच्या सेटिंगमध्ये वेगळा युजर काढा, त्याला फोल्डरचे हक्क द्या, किमान एसएमबी २ ठेवा, गेस्ट बंद करा. फोल्डर दुसऱ्या विंडोज मशीनवर असेल तर तिथे शेअरिंगपुरतं एक लोकल खातं उघडा; अगदी विंडोज ७ असलं तरी चालतं. लोक अडतात ते पिनपाशी. पिन त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवर खात्याचा पासवर्डच लागतो. विंडोज पासवर्ड साठवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंदही पुसा, नाहीतर नवा पासवर्ड बरोबर असूनही नकार येत राहतो. प्रत्येक मशीनपाशी एकदा बसावं लागतं, हा याचा खरा खर्च. पासवर्ड लक्षात ठेवण्याची खूण केली की टॅलीचा मॅप केलेला (शेअर फोल्डरला अक्षर देऊन जोडलेला) ड्राइव्ह पूर्वीसारखा उघडतो.

नियम सैल करणं पाच मिनिटांचं काम आहे. ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजचे नियम ठरवायच्या सेटिंगमध्ये, लॅनमन वर्कस्टेशन या विभागाखाली असुरक्षित गेस्ट लॉगऑन चालू करायचं आणि साइनिंगची सक्तीही काढायची. दोन्ही लागतात, पहिलंच करून ‘चालत नाही’ म्हणणारे बरेच असतात. पण ही सूट एका फोल्डरला मिळत नाही, अख्ख्या मशीनला मिळते. तोच लॅपटॉप क्लायंटच्या ऑफिसात किंवा हॉटेलच्या वायफायवर गेला तरी सैलच राहतो. तुमच्या नासच्या नावाने दुसऱ्याच यंत्राने उत्तर दिलं, तरी त्याला फरक कळत नाही. शिवाय गेस्टला लिहिण्याचा हक्क असेल तर ऑफिसच्या वायफायवर आलेला कुणीही फाइली पुसू शकतो. पेन ड्राइव्ह लावलेला साधा राउटर, ज्यात युजर काढायची सोयच नाही, आणि टेबलावरून न हलणारा डेस्कटॉप, एवढ्यापुरतंच मी हे मान्य करेन. नासला पासवर्ड आहे पण साइनिंग जमत नाही, अशा वेळी फक्त साइनिंगची सक्ती काढा, गेस्ट बंदच असू द्या.

अपडेट मागे घेणं म्हणजे निव्वळ उसंत. सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत ती सोय साधारण १० दिवसच असते. रिटर्न भरायची शेवटची तारीख तोंडावर असेल तर घ्या.

एसएमबी १ पुन्हा चालू करण्याचा सल्ला मात्र कुणीही दिला तरी ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच प्रोटोकॉलमधल्या दोषावाटे जगभर पसरला. जुन्या झेरॉक्स-स्कॅनर मशीनला तेवढंच येत असेल, तर स्कॅन ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या, किंवा नासवर ऑफिसच्या आतपुरतं एफटीपी (फाइली पाठवायची जुनी, साधी पद्धत) चालू करून फक्त स्कॅनचा फोल्डर त्याला द्या.