शोला गाडी चालवत न्यावी की टेम्पोत चढवून?

भुसावळच्या एका स्नेह्यांनी दोन वर्षं खपून मार्क-टू अँबेसेडर उभी केली. इंजिन झालं, रंग झाला, बंपरचं क्रोम झालं. आता ती त्यांना नाशिकच्या जुन्या गाड्यांच्या शोला न्यायची आहे आणि प्रश्न एकच उरलाय : चालवत नेऊ की टेम्पोत टाकू? फोनवर मी अर्धा तास दोन्ही बाजूंनी बोललो. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "भाऊ, ते सगळं राहू द्या. तुम्ही काय करता?"

म्हणून लिहायला बसलो. माझ्याकडे १९६८ ची फियाट अकराशे आहे, वडिलांनी घेतलेली. जळगावहून धुळेमार्गे नाशिक म्हणजे साधारण अडीचशे किलोमीटर. हा पल्ला ती तीनदा स्वतःच्या चाकांवर गेली आणि दोनदा टेम्पोत. एकूण पाच खेपांचा अनुभव, त्याच्या जोरावर फार मोठं काही सांगायचं नाही.

एक गट आधीच बाजूला काढतो. गाडी महायुद्धाच्या आधीची असेल, सहा व्होल्टची बॅटरी, केबलचे ब्रेक, लाकडी आऱ्यांची चाकं, तर मुकाट्याने चढवा. हायवेवर पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, तर तसल्या गाडीत बसून फक्त देवाचं नाव घेता येतं. मी बोलतोय ते फियाट, अँबेसेडर, हेराल्ड यांच्याबद्दल. ज्यांनी एकेकाळी सात-सात माणसं आणि टपावर वळकट्या घेऊन याच रस्त्याने वणीच्या देवीला नेलं आणि परत आणलं.

कायद्याचंही थोडक्यात उरकतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेज अशी वेगळी नोंदणी आणली. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रोज बाजाराला नेता येत नाही, पण शो, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठी रस्त्यावर आणता येते. थोडक्यात, चालवत नेण्यावर बंदी नाही. मी अजून जुनाच नंबर ठेवलाय, दर पाच वर्षांनी आरटीओत फेरी आणि पर्यावरण कर भरतो. वापर अधूनमधून का होईना चालू असेल तर मला हेच बरं वाटतं.

आता टेम्पो. त्याची बाजू खरंच भक्कम आहे. गाडी गार इंजिनाने पोचते, बॉनेट उघडलं तर आत तेलाचा थेंब नाही, मडगार्डच्या आत चिखल नाही, काचेवर मेलेले किडे नाहीत. परीक्षक टॉर्च घेऊन खाली वाकतात, तेव्हा याचे गुण मिळतात. शिवाय आदली रात्र तुम्ही झोपून काढलेली असते. बक्षिसासाठीच जात असाल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

फक्त बांधणी नीट करून घ्या. दोरखंड नको, रॅचेटचे पट्टे. आणि ते बंपरला अडकवायचे नाहीत, ॲक्सलला. चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे. ताडपत्री शक्यतो टाळा. वाऱ्याने ती फडफडते, मधे धूळ असते, आणि अडीचशे किलोमीटरमध्ये टपाच्या कडांचा रंग असा खरवडला जातो की पॉलिशने निघत नाही. विमा पूर्ण असेल तर वाहतुकीतलं नुकसान त्यात बसतं. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या जुन्या गाड्यांना फक्त थर्ड पार्टी असतो, त्यामुळे जे वाकेल ते आपल्या खिशातून सरळ करायचं. भाडं जाण्याचं आणि येण्याचं. मला ते पेट्रोलच्या चौपटीला गेलं. पण पैशाचं सोडा, हौसेला मोल नसतं हे आपण सगळे घरात सांगतोच.

माझं मन उडालं ते भाड्यामुळे नाही. ओट्यामुळे.

जळगावात चढवणं सोपं आहे. एमआयडीसीत डाळ मिलचे ओटे आहेत, टेम्पोच्या हौद्याच्या उंचीला बरोबर. मित्राच्या मिलमध्ये गाडी ओट्यावर घेतली आणि तिथून सरळ आत. दहा मिनिटं. मी खूश होऊन चहा प्यायलो. हा ओटा नाशिकला नसणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि ड्रायव्हर म्हणाला, "काका, तिकडं बघू." पहाटे साडेचारला आम्ही तिकडं बघत होतो. शोच्या मैदानाशी ओटा नाही, चढ नाही, सपाट डांबर. दिवस उजाडल्यावर मोठी गाडी शहरात थांबू देणार नाहीत. शेवटी परत बाहेर आलो, रस्त्याकडेला खणलेल्या मातीच्या ढिगाला टेम्पोची पाठ लावली आणि दोन फळ्या टाकल्या. फियाटची पुढची चाकं उतरली, मागची वर; आणि मधे सायलेन्सरचा पाइप हौद्याच्या कडेवर टेकला. गाडी तराजूच्या दांडीसारखी. चार माणसं मागे बसवून, चार पुढे ओढायला, कशीबशी खाली आली. पाइप फुटला. शोला मी गेलो तो ट्रॅक्टरचा आवाज करत.

ही सकाळची गोष्ट. संध्याकाळी सहाला शो संपला, सगळे गेले, टेम्पो नाही. ड्रायव्हरला पिंपळगाव बसवंतहून कांद्याचं मधलं भाडं मिळालं होतं. त्याचंही चुकलं म्हणणार नाही, रिकामा उभा राहून त्याचं पोट कसं भरेल? तो रात्री साडेअकराला आला. मग पुन्हा तोच मातीचा ढीग, अंधारात, मोबाइलच्या उजेडात, आणि या वेळी चढवायचं. पुढे महिनाभर सीटखालून कांद्याची सालं निघत होती.

दुसऱ्या खेपेला शहाणा होऊन सागवानी फळ्या करून नेल्या, आठ-आठ फुटी. सायलेन्सर वाचला, बंपर वाकला. हौदा मागे झुकवणारी रिकव्हरी गाडी मिळाली तर हा सगळा ताप नाही, हे कबूल. ती आमच्याकडे वेळेवर मिळते का, हा वेगळा विषय. तुमच्या ओळखीत असेल तर माझा अर्धा युक्तिवाद इथेच पडतो.

आता चालवत नेण्याबद्दल. गाडी बंद पडते. तीन खेपांपैकी दोनदा पडली, लपवत नाही. पण कशी पडते हे कळलं की तिची भीती पुष्कळ कमी होते.

खान्देशात पहिला शत्रू ऊन. शो बहुधा हिवाळ्यात असतात, पण फेब्रुवारी संपता संपता आपल्याकडे दुपारी रस्ता तापायला लागतो. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला. चालत्या गाडीत वारा असतो, पाणी फिरतं, सगळं ठीक. तुम्ही हौसेने चहाला थांबता, इंजिन बंद करता आणि तेव्हाच आतली धग वर चढते. पंपातल्या, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाला ती ओढता येत नाही. स्टार्टर फिरतो, गाडी घेत नाही. पहिल्या खेपेला मुकटीजवळ माझं हेच झालं, भजी खाऊन आल्यावर. मी बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्याने बघत उभा. शेजारच्या शेतातून एक आजोबा आले, "तापनी का भाऊ? थांब, पानी लई येस," म्हणाले आणि कळशीसकट परत आले. पंपावर ओला पंचा गुंडाळला, पंधरा मिनिटं थांबलो, घेतली. त्यांच्या मामांकडे म्हणे अशीच होती, काळी.

तेव्हापासून नियम ठेवलाय : थांबलो की आधी बॉनेट उघडायचं, मग चहा सांगायचा. आणि धुळ्याच्या पुढचा लळिंग घाट ऊन चढायच्या आत मागे टाकायचा. त्यासाठी जळगाव पहाटे पाचला सोडावं लागतं. त्याच्याही आधी नको, डायनॅमोच्या गाडीचे दिवे म्हणजे समई. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा फुगतो. दोन्ही नव्या प्रकारच्या रबराचे टाकून घ्या. घरून निघण्याआधी, रस्त्यात नव्हे.

दुसरा शत्रू करंट. दुसऱ्या खेपेला लळिंग आरामात चढली आणि झोडग्याच्या अलीकडे फाट-फाट करायला लागली. उतरून पॉइंटची (म्हणजे प्लगला ठिणगी मिळावी म्हणून करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पट्ट्यांची) कॅप काढली तर पॉइंटवरच नुसत्या ठिणग्या. ती ठिणगी शोषून घेणारा कंडेन्सर गेलेला. आणि तो मी निघायच्या आदल्या दिवशी नवा टाकला होता, खबरदारी म्हणून! जुना काढून डिकीत फेकला होता, तोच पुन्हा लावला आणि मालेगावपर्यंत आलो. तिथे एका टपरीवर गाडी बघून साठीचे एक गृहस्थ जवळ आले. यंत्रमागाचे मिस्त्री, पण तरुणपणी मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवलेली. "गॅप चुकलाय," म्हणाले आवाजावरूनच. पॉइंटमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरहून कमी लागतं, फीलर गेज माझ्याकडे नव्हता. त्यांनी ग्लोव्ह बॉक्समधली लग्नपत्रिका दुमडून पॉइंटमध्ये घातली, स्क्रू आवळला. गाडी नाशिकपर्यंत शिवणयंत्रासारखी चालली. पैसे घेतले नाहीत, एक चक्कर मारू द्या म्हणाले. त्यांना मोसम नदीच्या पुलापर्यंत गाडी दिली.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, पण ती चालवलेली, उघडलेली माणसं आपल्या गावागावांत आहेत. हा काही हिशेबात धरण्याजोगा मुद्दा नाही, कुणी भेटेलच अशी हमीही नाही. मला भेटले एवढंच.

तिसऱ्या खेपेला काहीच झालं नाही. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तोटे सांगतो. तिन्ही वेळा गाडी धुळीने माखून पोचली. पहिल्या वेळी इतका उशीर झाला की परीक्षक माझ्या रांगेतून पुढे गेले होते. बक्षीस मला आजवर टेम्पोने नेलेल्या दुसऱ्या खेपेलाच मिळालंय, वाकलेल्या बंपरसह. हे भुसावळच्या स्नेह्यांनी लक्षात घ्यावं. हायवेवर ताशी साठच्या पुढे मी जात नाही, मागचे हॉर्न मारतात, राहूडच्या घाटात तर शिव्याही देतात. आणि नाशिकच्या पुढे मुंबईला न्यायची म्हटली तर कसारा घाट उतरायचाय. चारही चाकांना ड्रम ब्रेक. दुसऱ्या गिअरवर सोडावी लागते, पायावर भरवसा ठेवला तर खाली पोचेपर्यंत ब्रेक तापून ढिले पडतात. मुंबईसाठी मी अजून कुणाला ठामपणे सांगत नाही.

मात्र एक मधला मार्ग आहे, आणि त्याने माझ्यापुरता प्रश्न मिटला : मागे घरची दुसरी गाडी. मुलगा त्याच्या गाडीतून मागे राहतो. त्याच्या डिकीत टोचनाचा दोर, वीस लिटर पाणी, फॅन बेल्ट (हा तुटला तर पाणी, पंखा आणि डायनॅमो तिन्ही एकदम बसतात), पॉइंट, कॉइल, पंपाचा पडदा, होज पाइपच्या क्लिपा, जुना पण चालता कंडेन्सर, आणि सुनेने दिलेली कळण्याची भाकरी-ठेचा. मागे आपलाच माणूस असला की ट्रकही अंगावर येत नाहीत. अगदीच काही झालं तर टोचन लावून पुढचं गाव गाठायचं. ते अजून लागलं नाही. मुलाला नवीन गाडीत साठने जायचा कंटाळा येतो, ती तक्रार घरात चालू असते.

तुमची अँबेसेडर फियाटपेक्षा जड आहे, तिला फळ्यांवरून उतरवायला माणसंही जास्त लागतील. पण इंजिन नुकतं बांधलंय, त्यामुळे अडीचशेच्या आधी पाचोऱ्याला, चाळीसगावला दोन-चार फेऱ्या मारा. तिथे जे गळायचं ते गळू दे, सैल व्हायचं ते होऊ दे. तेवढ्यात विचार बदलला तर काही वाईट वाटणार नाही मला.

पट्टे आणि फळ्या माझ्याकडे पडूनच आहेत. टेम्पोच करायचा ठरला तर कधीही घेऊन जा. लाकूड चांगलं आहे, फक्त एका फळीला मधोमध चीर गेलीय, ती बाजू वर ठेवा.