दाबून पाहिली, म्हणूनच फसलो

बोरीच्या पुलावर गाडीचं तोंड होडीसारखं वर-खाली डोलायला लागलं, तेव्हाच पोटात गोळा आला. 'सस्पेन्शन पूर्ण नवीन' करून गाडी घरी आणल्याला जेमतेम पाच आठवडे झाले होते.

गाडी एमजी एमजीए, 1959 ची. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात परदेशी गाड्या सहज येत, तेव्हा काकांनी मडगावात घेतलेली. 1955 ते 1962 या काळात इंग्लंडमध्ये या मॉडेलच्या लाखावर गाड्या बनल्या, त्यामुळे सुटे भाग तिकडे आजही नवे मिळतात. गॅरेजवाल्याने नेमकं हेच हेरलं. माल मिळतो हे मला माहीत होतं. आलेला माल मला ओळखता येत नाही, हे त्याला माहीत होतं.

गॅरेज म्हापशाजवळचं. तक्रार चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. चारही डॅम्पर (म्हणजे शॉकअप), दोन्ही किंगपिन (पुढची चाकं ज्यांवर वळतात ते खिळे), पुढच्या स्प्रिंगा, सगळे बुश (सांध्यांतले रबर), सगळं 'यूकेचं', मिळून 1,60,000 रुपये. त्यातले 1,10,000 आगाऊ. "भिवूं नाका पात्रांव, चवथीआधी गाडी दारात." म्हणजे भिऊ नका मालक, गणेश चतुर्थीआधी गाडी मिळेल. मग व्हॉट्सॲपवर फोटो आला: इंग्लंडचा पत्ता असलेलं, एका कोपऱ्यात फाटलेलं खोकं आणि आत तेलकट कागदात गुंडाळलेले भाग. तो फोटो मी भाच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना पाठवला. कस्टमच्या शुल्काची पावती मागायचं काही सुचलं नाही.

गाडी चवथीच्या तीन दिवस आधी तयार झाली, हे मात्र खरं. डॅम्पर काळेभोर चकचकीत. त्याने मला मडगार्डवर हात ठेवायला लावला. "दाबा, जोर लावून दाबा." दाबलं. नाक खाली गेलं, सावकाश वर आलं आणि तिथेच थांबलं, एकही झोका नाही. ही परीक्षा मी वाचून गेलो होतो, त्यामुळे मीच खूष. उरलेले पन्नास हजार तिथेच मोजले.

त्या परीक्षेत काय गफलत होती, ते मडगावच्या एका म्हाताऱ्या मेस्ताने, म्हणजे मेकॅनिकने, दाखवलं. या गाडीत हल्लीच्यासारखे नळीचे शॉकअप नसतात. तेल भरलेला धातूचा डबा आणि त्यातून बाहेर आलेला आर्म, असा लिव्हरचा डॅम्पर असतो. पुढच्या बाजूला तर तो आर्मच वरचा विशबोन असतो, म्हणजे चाकाला वरून धरून ठेवणारा. झिज होते ती आर्मच्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये. शाफ्ट ढिला झाला की सीलमधून तेल गळतं आणि चाकही वरच्या अंगाला हलतं. मेस्ताने डॅम्परचं बूच उघडून बोट बुडवलं. "हें पळयात." काकवीसारखं दाट, गंधकाचा वास येणारं गिअरचं तेल! जुन्याच डब्यात दाट तेल ओतलं की डॅम्पर ताठ होतो आणि दाबून बघणाऱ्याला नवा वाटतो. पण ढिल्या शाफ्टजवळून तेल ठिबकत राहतं आणि महिनाभरात डबा रिकामा. ताजा रंग तर थेट तेलाच्या चिकट्यावरच मारला होता, नखाने पापुद्रा निघाला. वरून कीर्तन, आतून तमाशा.

किंगपिनच्या ग्रीस निपलची, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडांचीही तीच गत. तोंडं रंगाने बुजलेली, गन लावली तरी ग्रीस आत जाईना. नवे किंगपिन बसवणारा माणूस ग्रीस न भरता गाडी देईल का?

बुश तेवढे खरोखर बदलले होते, कसल्याशा पाइपचे तुकडे कापून. शिवाय चाकं हवेत लोंबत असतानाच नट आवळलेले. रबरी बुशाचे नट गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन पडल्यावर शेवटचे आवळायचे असतात. नाहीतर गाडी खाली उतरताच रबराला पीळ बसतो आणि ते फाटतं. हे मला आज पाठ आहे, तेव्हा नव्हतं.

पर्वरीच्या एका मित्राला हे सांगितलं, तर त्याने आपला फोन पुढे केला. तेच खोकं, तोच फाटका कोपरा. त्याच्या गाडीसाठी 'आलेलं', माझ्याआधी सात महिने.

काढलेले जुने भाग परत द्या, एवढं एक वाक्य मी आगाऊ देतानाच बोललो असतो तर बिंग तिथेच फुटलं असतं. काढलंच नाही ते देणार कुठून? मी ते मागितले बोरीनंतर. तर म्हणाला, "भंगारात घातले." पुढे फोन उचलणं बंद.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवरून काही निघालं नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. डॅम्पर उघडतानाचे फोटो आणि मेस्ताचा लेखी शेरा जोडला आहे. पक्कं बिल मात्र नाही; एका चिठ्ठीवर नुसतं 'सस्पेन्शन काम' आणि रक्कम. वकील त्या चिठ्ठीकडे बघून बराच वेळ गप्प बसला.

गाडी ठोकळ्यांवर उभी आहे. पुढची तारीख चवथीनंतरची.