‘खात्रीचा नर’ म्हणून विकलेली मादी : शॅमेलिऑनचे पिल्लू घेण्यापूर्वी वाचा

टेक्सासमध्ये डॅलसच्या आसपास सरपटणाऱ्या प्राण्यांची विक्री-प्रदर्शने भरत असतात. अशाच एका प्रदर्शनात व्हेल्ड शॅमेलिऑनचे (रंग बदलणाऱ्या सरड्याच्या एका जातीचे) पिल्लू ‘खात्रीचा नर’ म्हणून माझ्या गळ्यात मारण्यात आले आणि ती मादी निघाली. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही. मात्र ज्या युक्तीने त्याने मला गंडवले ती इतरांवरही सहज चालू शकते, म्हणून ती सविस्तर सांगणे आवश्यक वाटते.

व्हेल्ड शॅमेलिऑन मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला. नर आकाराने मोठा होतो आणि त्याच्या डोक्यावरचा तुरा उंच असतो, हे खरे. परंतु पहिल्यांदाच पाळणाऱ्याला नर घेण्याचा सल्ला देतात त्याचे कारण वेगळे आहे. या जातीची मादी वयात आली की नराशी संबंध न येताही अंडी धरते, एका खेपेला वीस-तीसपासून साठ-सत्तरपर्यंत, आणि घालण्यासाठी योग्य जागा मिळाली नाही किंवा अंगात कॅल्शियम कमी पडले तर अंडी पोटातच अडकून ती दगावू शकते. साहजिकच नराला मागणी अधिक आणि भावही चढा. अंड्यांतून मात्र जवळपास निम्म्या माद्याच बाहेर येतात, आणि विक्रेत्याला त्याही खपवायच्या असतात.

त्याच्या टेबलावर एका बाजूला लेपर्ड गेको (पालीच्या जातकुळीतले ठिपकेदार प्राणी) होते आणि दुसऱ्या बाजूला झाकणाच्या पारदर्शक डब्यांत शॅमेलिऑनची पिल्ले. फलकावर मादीचा भाव ८० डॉलर आणि नराचा १२० डॉलर होता. व्हेल्डच्या नराची खूण म्हणजे मागच्या पायाच्या टाचेवरील काटा. मी त्याविषयी विचारले, तेव्हा त्याने अगदी जाणकाराच्या थाटात सांगितले की काटा सहा महिन्यांनंतरच फुटतो, पण आपण अंडी ठरावीक तापमानाला उबवली असल्यामुळे या खेपेची सगळी पिल्ले नरच आहेत. पिल्लू डहाळीला बिलगून बसले होते आणि मागचे दोन्ही पाय पानाआड होते. झाकण उघडण्याची विनंती केल्यावर ‘हाताळले की त्यांना ताण येतो’ हे उत्तर मिळाले. शॅमेलिऑनला हाताळणे सोसत नाही, हे खरेच आहे. आणि म्हणूनच ती सबब इतकी सोयीची ठरते.

त्याची दोन्ही विधाने खोटी होती, पण हवेतून काढलेली नव्हती. लेपर्ड गेकोचे लिंग अंडी कोणत्या तापमानाला उबतात यावर खरोखरच ठरते. कमी तापमानाला बहुतांशी माद्या निपजतात आणि सुमारे ३२-३३ अंश सेल्सिअसला नर अधिक. व्हेल्ड शॅमेलिऑनचे लिंग मात्र गुणसूत्रांवर ठरते, त्यामुळे अंडी उबवण्याच्या यंत्राचे तापमान कितीही ठेवले तरी त्यात फरक पडत नाही. काही महिने थांबण्याची गोष्टही अशीच दुसरीकडून उचललेली आहे. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनला टाचेचा काटा नसतोच, त्यामुळे शेपटीच्या मुळाशी फुगवटा दिसू लागेपर्यंत आणि रंग चढेपर्यंत थांबावे लागते. व्हेल्डच्या नराला हा काटा अंड्यातून बाहेर पडतानाच असतो. वयाबरोबर तो फक्त वाढतो.

घरी आल्यावर शंका फिटेना, म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्य बाईंकडे गेलो. त्यांनी पिल्लाला पकडलेदेखील नाही. समोर एक काडी धरली, ते आपण होऊन तिच्यावर चढले आणि त्यांनी मागच्या बाजूने मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून दाखवला. शॅमेलिऑनच्या पायाची बोटे दोन जुडग्यांत जोडलेली असतात आणि त्या चिमट्याने तो फांदी पकडतो. मागच्या पायाच्या याच चिमट्यामागे, टाचेच्या जागी, नराला मांसल टेंगूळ असते, तोच हा काटा. माझ्या पिल्लाच्या दोन्ही टाचा साफ गुळगुळीत होत्या. तुरा किंवा अंगावरचे पट्टे पाहून या वयात काहीही ठरवू नये, असेही त्यांनी बजावले, कारण लहानपणी तुरा दोघांनाही जेमतेमच असतो.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा ‘मी हमी दिलीच नव्हती’ असे त्याने सरळ कानांवर हात ठेवले. पावतीवर ‘व्हेल्ड, पिल्लू, परत घेतले जाणार नाही’ एवढेच लिहिले होते. नर हा शब्द कुठेच नव्हता. पुष्कळ हुज्जत घातल्यावर तो बदलून देण्यास तयार झाला आणि दुसऱ्या एका पिल्लाचा फोटो पाठवला, तोही समोरून काढलेला. टाचेचा फोटो मागितल्यावर त्याने उत्तर देणेच बंद केले.

मादी आता माझ्याकडेच आहे. तिच्यासाठी पिंजऱ्यात ओलसर वाळू-मातीचे खोल भांडे कायम ठेवावे लागते, आणि अंडी कमी धरावीत म्हणून वाढ पूर्ण झाल्यावर रातकिडे मोजून द्यावे लागतील व दिव्याखालची ऊब नरापेक्षा थोडी कमी ठेवावी लागेल. अंडी अडकलीच तर शस्त्रक्रियेचा खर्च तिच्या किमतीच्या कितीतरी पट होईल.

भारतातले काही नातेवाईक हे पाहून आपल्याकडे असे पिल्लू कुठे मिळेल म्हणून विचारतात. आपल्याकडचा भारतीय शॅमेलिऑन वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे, त्यामुळे तो नर असो वा मादी, विकत घेणे आणि पाळणे हा गुन्हाच आहे.

परदेशात व्हेल्ड घेणार असाल तर पैसे देण्यापूर्वी पिल्लाला काडीवर चढू द्यायला सांगा, दोन्ही मागच्या टाचा मागून पाहा, ऑनलाइन व्यवहार असेल तर तसाच फोटो मागा आणि पावतीवर ‘नर’ असे विक्रेत्याच्या हाताने लिहून घ्या. यातील एखाद्याही गोष्टीला तो नकार देत असेल, तर नराचा भाव देऊ नका.