मनातलं घर की मिटल्या डोळ्यांतली ज्योत?

भाची वेंगुर्ल्यात राहून राज्यसेवेचा अभ्यास करते. परवा विचारत होती, "मामा, डोकं तल्लख व्हायला त्राटक करू की ते मनातल्या घरात फिरायचं करू?" मी दोन्ही करून पाहिलंय. तिला जे सांगितलं तेच इथे.

आधी ज्योत, म्हणजे त्राटक. अंधाऱ्या खोलीत समई हातभर अंतरावर, डोळ्यांच्या रेषेत ठेवायची. पापणी न हलवता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत पाहायचं, मग डोळे मिटून तीच ज्योत भुवयांच्या मध्ये धरून ठेवायची. हठयोगातल्या सहा शुद्धिक्रियांपैकी ही एक. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. मिटल्यावर लगेच दिसतो तो ठिपका कल्पनेचा नसतो, दिपलेल्या डोळ्यांच्या पडद्यावर उरलेली ती छाप असते. ती विरली की खरा सराव सुरू होतो, आणि नेमकं तेव्हाच लोक उठतात. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने ज्योत हलत राहते, म्हणून खिडक्या लावून घ्याव्या लागतात. मग उकाडा. काचबिंदू किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नका.

आता घर. ओळखीच्या घरातून मनाने ठरलेल्या वाटेने चालायचं आणि लक्षात ठेवायची गोष्ट एकेका जागी मांडत जायचं. ही युक्ती ग्रीक कवी सायमोनिडीसच्या नावावर सांगतात. मेजवानीत छत कोसळलं, आणि कोण कुठे बसलं होतं ते आठवून त्याने मृतांची ओळख पटवली, अशी कथा आहे.

कोकणातल्या जुन्या घरासारखी यासाठी सोय नाही. अंगण, तुळस, पायरी, ओटी, माजघर, देवघर, चूल, मागची पडवी, न्हाणी, विहीर. दहा जागा झाल्या, तेवढ्यात पोफळीची बागही आली नाही! भाचीने राज्यघटनेची कलमं मांडली. समानतेचं १४ ओटीवर, कारण तिथे सगळ्यांना एकच घोंगडी. अस्पृश्यता नष्ट करणारं १७ विहिरीवर. त्यासाठी फार डोकं खाजवावं लागलं नाही, १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह महाडचा, म्हणजे आपल्याच कोकणातला. जगण्याचा हक्क देणारं २१ चुलीपाशी. चित्र जितकं विचित्र, तितकं ते पक्कं बसतं. नुसतं "चुलीवर २१ लिहिलंय" म्हणाल तर आठवड्यात पुसलं जाईल.

याच्या बाजूने पुरावाही चांगला आहे. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी रोज अर्धा तास, ४० दिवस हा सराव केला. ७२ शब्दांपैकी सुरुवातीला २६ ते ३० आठवत होते, नंतर सरासरी ३५ जास्त आठवू लागले. दुसऱ्या तऱ्हेचा स्मरण-सराव करणाऱ्यांची भर ११ शब्दांची, काहीच न करणाऱ्यांची ७ ची.

म्हणून एकंदर "डोकं तल्लख होतं" असं मात्र मी म्हणणार नाही. यादी, क्रम, भाषणाचे मुद्दे यांत घर कमाल करतं. पण चष्मा कुठे ठेवला ते त्याने आठवत नाही, माझा रोज हरवतो. ज्योतीचं उलट. तिने एकही कलम पाठ होत नाही, पण पुस्तक उघडून मोबाइलकडे धावणारा हात जरा थांबतो. हा माझा अनुभव, त्यावर आकडा देता येणार नाही.

काहींना डोळे मिटल्यावर चित्रच दिसत नाही. त्याला २०१५ पासून 'अफँटेझिया' म्हणतात. तसं असेल तर ज्योत चिडचिड वाढवेल. घर जमण्याची शक्यता जास्त, कारण विहीर दिसली नाही तरी ती न्हाणीच्या पलीकडे आहे हे ठाऊक असतंच.

परीक्षा तोंडावर असेल तर दुसरा विचार न करता घर. अभ्यासाला बसवतच नसेल तर आधी पंधरा दिवस ज्योत, रोज पाच-सात मिनिटं, त्याहून जास्त नको. भाचीने घर घेतलंय. अडचण एकच आली, १४ आणि १५ दोन्ही ओटीवर कोंबली होती, ती गुंतली. आता १५ पायरीवर हलवलंय.